उच्च उत्पन्नाचं स्थळ

आमच्या कराडात मुलांना करिअर निवडावं लागत नाही, करिअरच घरी बघायला येतं. बारावीचा निकाल लागला की सुरुवात होते. रविवारी सकाळी येतं, सोबत एखादं वडीलधारं माणूस आणतं, चपला दाराबाहेर काढतं, पोहे खातं, मुलाला नाहीतर मुलीला दोन-चार प्रश्न विचारतं आणि "कळवतो" म्हणून जातं. पसंती आली की पेढे वाटायचे. नाही आली तर पोह्यांत मीठ जास्त झालं होतं असं एकमेकांना सांगायचं आणि पुढच्या रविवारच्या तयारीला लागायचं. यात नवं काही नाही. माझ्या वेळी मला बँकेची नोकरी बघायला आली होती, पण तिच्या मामांना माझं अक्षर आवडलं नाही.

माझी केतकी यंदा बारावी झाली. पोरगी गुणाची, हसरी, जराशी घाबरट. तिला यंदा कुठल्याच करिअरच्या गळ्यात पडायचं नव्हतं. "आई, एक वर्ष दे ना मला. मला काय आवडतं तेच अजून माहीत नाही," असं ती म्हणायची आणि मला ते मनापासून पटायचं. पण आमच्याकडे असं वर्ष देता येत नाही. चातुर्मास लागायच्या आत ज्यांचं ठरत नाही, त्यांना स्पर्धा परीक्षा घेऊन जाते.

स्पर्धा परीक्षा आमच्याच गल्लीत, अभ्यासिकेच्या वरच्या खोलीत राहते. बाई वाईट नाही. बोलायला गोड, सणावाराला हळदीकुंकवाला येते. पण तिच्याशी साखरपुडा होतो, लग्न होत नाही. माझा धाकटा भाऊ उदय किती वर्षं झाली तिच्याशी बांधलेला आहे. केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला, अजून रोज सकाळी पाण्याची बाटली घेऊन तिच्या जिन्यावर जाऊन बसतो. विचारलं तर म्हणतो, "ताई, यंदा नक्की." ती परवा मला भाजी घेताना भेटली. शेपूची जुडी हातात घेऊन म्हणाली, "केतकीचं कुठे जमतंय का? घाई नाही हो. नाहीच जमलं तर मी आहेच." मी भाजी न घेताच घरी आले.

म्हणून आम्ही इनामदार वहिनींकडे नाव घातलं. त्या पाल्य-करिअर सूचक केंद्र चालवतात. त्यांनी विचारलं, "उत्पन्न किती अपेक्षित आहे?" मी म्हणाले, "पोट भरेल इतकं." तर आमचे हे खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "उच्च." वहिनींनी चष्म्यावरून बघितलं. "उच्च की अतिउच्च?"

"बघू," हे म्हणाले.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. श्रीनिवास पाटणकर, सरकारी खात्यात इंजिनियर, दोन वर्षांत रिटायर होणार. माणूस भला, निर्व्यसनी, पण आयुष्यात त्यांनी कशालाही हो म्हटलेलं नाही आणि कशालाही नाही म्हटलेलं नाही. त्यांचं एकच उत्तर, बघू. हॉलमधला पंखा घ्यायला गेलो तर तीन पात्यांचा की चार पात्यांचा यात दोन उन्हाळे गेले. शेवटी दुकानदारच कंटाळून एक पाठवून देतो म्हणाला. माझ्याशी लग्नाचंसुद्धा ते बघूच म्हणाले होते. माझे वडील घाईत होते, त्यांनी तो होकार धरला. असल्या माणसाने पोरीसाठी उच्च उत्पन्न मागावं म्हणजे कमाल आहे, पण ऑफिसात सगळ्यांच्या मुलांचं कुठेकुठे ठरत होतं आणि ह्यांच्या मनाने घेतलं होतं.

पहिल्या रविवारी न्यूरोसर्जरी आली. उंच, किडकिडीत, हातांना साबणाचा वास. सोबत मामा होते. मामा सोफ्यावर बसले, ती बसली नाही. बसायची सवय राहिली नाही म्हणाली, उभ्यानेच पोहे खाल्ले. ह्यांनी घसा साफ करून विचारलं, "उत्पन्न कसं काय?"

मामा म्हणाले, "भरपूर. त्याची काळजीच करू नका."

"कधीपासून?"

"पस्तिशीनंतर."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही सांभाळायचं," मामांनी शांतपणे सांगितलं. आजवर कुणीच याला हरकत घेतलेली नाही, असंही म्हणाले.

मग तिने केतकीला हात पुढे करायला सांगितलं. पोरीने केला. तो चांगलाच थरथरत होता. न्यूरोसर्जरीने तो बराच वेळ निरखला आणि मामांच्या कानात काहीतरी सांगितलं. मामा म्हणाले, "थरथर जाते सवयीने. आमची तयारी आहे. तुमचं काय?"

"बघू," हे म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारी इन्व्हेस्टमेंट बँकिंग आलं. खरं तर शनिवारी मध्यरात्रीच येणार होतं, मी स्पष्ट नाही म्हणून कळवलं. सूट झकास, डोळे लाल, दोन फोन. एका फोनवर बोलत आलं, दुसऱ्यावर बोलत गेलं, पोहे बांधून मागितले. मधल्या पाच मिनिटांत त्याने एवढंच सांगितलं की उत्पन्न पहिल्या वर्षापासून सुरू होईल, मात्र तिशीपर्यंत मुलीला रविवार मिळणार नाहीत.

"एकही नाही?" मी विचारलं.

"दिवाळीतला एक देतो आम्ही. पण त्या दिवशी फोन चालू ठेवायचा."

केतकीने माझा पदर धरला. कॉलेजला जाणारी पोरगी, पण लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत धरायची तसा धरला. मी ह्यांच्याकडे बघितलं, डोळ्यांनी खुणा केल्या. हे छताकडे बघत होते. "बघू," म्हणाले.

मग मर्चंट नेव्ही आली. ती दिलखुलास, मला आवडली, सगळ्यांना साबण आणि चॉकलेटं घेऊन आली. घरी फारशी नसते, पण पाठवते भरपूर आणि करही कमी पडतो, असं तिचे काका म्हणाले. केतकीला बोट लागते का, त्यांनी विचारलं. कुंभार्ली घाटात प्रत्येक वळणाला एसटी थांबवावी लागते हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. खोटं बोलून पोरगी द्यायची नाही, हे माझं तत्त्व आहे. तरी काका म्हणाले, समुद्रात वळणं नसतात, चालेल. ह्यांनी काय म्हटलं ते सांगायला नको.

असं होत होत चांगली पाच-सहा स्थळं ताटकळत राहिली. इनामदार वहिनी वैतागल्या. "अहो पाटणकर, उच्च उत्पन्नाच्या स्थळांना वाट बघायची सवय नसते. होकार द्या, नाहीतर नकार द्या. नुसतं झुलवत काय ठेवताय?" हे म्हणाले, "घाईने बिघडतं सगळं." वहिनी माझ्याकडे वळल्या. "पुढचा रविवार शेवटचा. त्यानंतर मोसम संपला. मग तुम्ही आणि तुमची ती गल्लीतली शेजारीण."

त्या आठवड्यात केतकी नीट जेवली नाही. एका संध्याकाळी गॅलरीत कपडे काढता काढता म्हणाली, "आई, बाबांनी शेवटच्या दिवशी चुकून कुणाला हो म्हटलं तर मी न्यूरोसर्जरी व्हायची. आणि नाही म्हटलं तर उदयमामा व्हायची." मला हसूही आलं आणि रडूही आलं. मी तिला म्हणाले, काहीतरी होईल. असं म्हणताना मला स्वतःला काडीचाही विश्वास वाटत नव्हता.

शेवटच्या रविवारी लवाद आला. नाव मी तोवर ऐकलं नव्हतं. शेवटचा रविवार म्हणून जातीने येऊन बसलेल्या वहिनींनी समजावून सांगितलं की मोठमोठ्या कंपन्यांची, ठेकेदारांची भांडणं कोर्टाबाहेर बसून सोडवायची, त्याला लवाद म्हणतात, आणि तिथे दर बैठकीचे पैसे मिळतात. सगळे केस पांढरे, फिकट रंगाचा कोट, चालणं सावकाश. सोबत वडीलधारं कुणी नव्हतं. त्याच्याहून वडीलधारं कुणी सापडलं नाही म्हणाला. पोहे त्याने बसून, चवीने, लिंबू पिळून खाल्ले.

"मी सहसा इतक्या लहान वयाच्या कुणाला बघायला जात नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे माणसं पन्नाशीच्या पुढेच येतात. पण केंद्रात नाव होतं, मोसमही संपत आलाय, म्हटलं बघून ठेवावं. मुली, दोन माणसं भांडत असली तर तुला काय वाटतं?"

"भीती," केतकी म्हणाली.

लवादाने मान हलवली. त्याला उत्तर आवडलं की नाही ते कळलं नाही. तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि मी कपाळाला हात लावला. आमच्या इमारतीतले वरचे फडतरे आणि खालचे डुबल आले होते. त्यांचं गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीवरून भांडण आहे. दोरी फडतऱ्यांची, खिळे डुबलांचे. हे सोसायटीचे अध्यक्ष, म्हणून दोघंही दर रविवारी ह्यांच्याकडे येतात. आज येऊ नका असं सांगायचं मी विसरले होते.

"पाहुणे आलेत, नंतर या," मी दारातच म्हणाले.

"बसू द्या त्यांना," लवाद म्हणाला. "मला काही अडचण नाही."

ते बसले. फडतरे म्हणाले की काल त्यांच्या चादरी खाली टाकलेल्या सापडल्या. डुबल म्हणाले की खिळा त्यांचा असल्यामुळे खिळ्यावर काय लटकायचं ते ठरवायचा हक्क त्यांचा. ह्यांनी दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं. मधे बोलले नाहीत. फडतऱ्यांना विचारलं, चादरी सुती की टेरिकॉट. डुबलांना विचारलं, खिळा कोणत्या साली ठोकला. दोघांनी सविस्तर उत्तरं दिली. मी चहा आणला, तो दोघांनी प्यायला. मग सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले.

"बघू," हे म्हणाले.

फडतरे उठले, डुबल उठले. "पुढच्या रविवारी येतो मग," दोघंही म्हणाले आणि जिन्यात एकमेकांना वाट देत निघून गेले.

लवादाने पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली. त्याचे डोळे पाणावले होते. मला वाटलं, मिरची लागली.

"हे किती दिवस चाललंय?" त्याने विचारलं.

"झाली की चार वर्षं," मी म्हणाले.

"आणि दोघंही येतात? दर वेळी?"

"न चुकता. गावाला गेले तर कळवून जातात."

"चिडत नाहीत?"

"आमच्यांवर कोण चिडणार? दोघांनाही वाटतं, हे आपल्या बाजूचे आहेत."

लवाद ह्यांच्याकडे वळला. आता तो वेगळ्या नजरेने बघत होता, ती नजर मी ओळखते. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली की पसंत पडलेली माणसं असंच बघतात. "पाटणकर, शिक्षण?"

"सिव्हिल इंजिनियर," हे म्हणाले. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं.

"ठेक्यांची भाषा कळते?"

"बत्तीस वर्षं तेच करतोय."

"कायद्याची पदवी?"

"नाही."

"लागतेच असं नाही," लवाद म्हणाला. मग इनामदार वहिनींकडे बघून, अगदी रीतसर आवाजात, त्याने सांगितलं, "मला पसंत आहे. मुलगी नव्हे. मुलीचे वडील."

वहिनींनी चष्मा काढून पुसला. असं पूर्वी झालंय म्हणाल्या, बघायला मोठीला आले आणि धाकटी पसंत पडली, नियमात बसतं. फक्त वयाने खालच्या बाजूला जाण्याऐवजी वरच्या बाजूला गेलंय, तेही कुठे मना केलेलं नाही.

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतके रविवार समोरच्या खुर्चीत बसून प्रश्न विचारणारा माणूस, आता शर्टाची बटणं चाचपत होता. विचारपूस करायची आता कुणी, हा प्रश्न आला. माहेरचं म्हणावं असं ह्यांचं मोठं माणूस घरात नव्हतं. मग मीच खुर्ची पुढे ओढली.

"आमच्यांना साखरेचा त्रास आहे," मी म्हणाले. "जेवण वेळेवर लागतं."

"बैठक एकला थांबते. जेवणाची व्यवस्था दोन्ही पक्ष करतात."

"दुपारी डोळा लागतो त्यांचा."

"लवादाने डोळे मिटले की दोन्ही पक्षांना वाटतं विचार चाललाय," तो म्हणाला. "ते गुणांत धरतात."

"निकाल द्यावा लागतो का?"

"कधी ना कधी द्यावा लागतो. पण त्याआधी बऱ्याच बैठका होतात." त्याने बैठकीमागे काय मिळतं ते सांगितलं. तो आकडा मी इथे देत नाही, नजर लागते. एवढंच सांगते की इनामदार वहिनींनी हातातला चहा तसाच धरून ठेवला.

"मानपान?"

"काही नको. एक काळा कोट तेवढा शिवून घ्या."

मग रीतीप्रमाणे दोघांना जरा एकांतात बोलू द्यावं असं ठरलं. हे आणि लवाद गॅलरीत गेले. मी, केतकी आणि वहिनी पडद्याआडून बघत उभ्या राहिलो. ऐकू काही येत नव्हतं. हे तुळशीच्या कुंडीकडे बघत बोलत होते, मधेच चक्क हसले. परत आले तेव्हा कान लाल झालेले.

"मग?" वहिनी म्हणाल्या. "पसंत आहे का?"

केतकीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ह्या माणसाने आजवर कधी हो म्हटलेलं नव्हतं, आणि आज घरात कुणाचंच ठरलं नाही तर दिवस मावळायच्या आत ती गल्लीतली बाई दारात उभी राहणार होती.

ह्यांनी छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे बघितलं. पोरीकडे बराच वेळ बघत राहिले. इतके रविवार तिच्याकडे असं बघायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं होतं. आणि मग, लग्नानंतर पहिल्यांदाच, माझ्या नवऱ्याने स्पष्ट उत्तर दिलं.

"हो," ते म्हणाले.

लवादाचा चेहरा किंचित पडला. पण तो म्हणाला, एकदा चालतं, सवय लागू देऊ नका.

वहिनींनी पर्समधून खडीसाखर काढली, ह्यांच्या हातावर ठेवली, आणि जाहीर केलं की पाटणकरांच्या घरातलं ठरलं. केतकीने बारीक आवाजात विचारलं, "आणि माझं?"

"तुझं काय? एका घरात एका मोसमात एकच ठरतं, बाळा. घर बंद झालं. आता कुणी तुला न्यायला येणार नाही. पुढच्या मोसमात यायचं तर नाव तू स्वतः घालायचं. घालायचं नसेल तर नको घालूस."

केतकी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून फरशीवर बसली. मी मागोमाग गेले. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक पुसायचं भान नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले. कितीतरी दिवसांनी मला पाठ टेकून बसता आलं. सुटलो, असं मी मोठ्याने म्हणाले, दोनदा म्हणाले. बाहेर हे वहिनींना काळा कोट बंद गळ्याचा की उघड्या गळ्याचा याबद्दल विचारत होते.

संध्याकाळी स्पर्धा परीक्षा येऊन गेली. तिला कळलं होतं. दारातच उभी राहून म्हणाली, "चांगलं झालं हो," आणि ते खरंच मनापासून म्हणाली. मग समोरच्या घोरपड्यांच्या मुलाचं कुठे जमलंय का ते विचारलं. मी सांगितलं की जमलंय. खोटं होतं ते. पण त्या मुलाची आई माझी मैत्रीण आहे.

मग हे नोकरीतून लवकर निवृत्ती घेऊन मार्गी लागले. आधी पुणे, मग दिल्ली. आठवड्याला एकदा फोन येतो. दोन सिमेंट कंपन्या ह्यांच्यावर जीव टाकतात म्हणे. माझ्या बहिणीला मी सांगितलं, आमच्यांचं छान झालं, लोक चांगले मिळाले. तिने विचारलं, करमतं का ग तुला. मी जरा विचार केला. करमतं, म्हणाले, आणि ते कबूल करताना अजिबात अपराधी वाटलं नाही.

परवाच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात विमान चालवणं उभं होतं, पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, एकटंच. मोसम संपलाय हे त्याला माहीत होतं. सहज आलो, म्हणालं.

"केतकी आहे का?"

"नाही."

"कुठे गेली?"

"सांगून गेली नाही."

"कधी येईल?"

"तिलाच माहीत," मी म्हणाले, आणि म्हणताना इतकं बरं वाटलं की पुन्हा एकदा म्हणाले.

ते जरा घुटमळलं. टोपी काढून हातात धरली. "मग थांबू का मी?"

मी जिन्याकडे बघितलं. "थांबा हवं तर," म्हणाले. "पण अकरानंतर त्या पायरीवर ऊन येतं." आणि दार लावून घेतलं.